हार नसलेला फोटो

दस्तगीरभाईंचा माझ्यावर पहिल्या दिवसापासून राग होता, आणि माझा त्यांच्यावर. मी नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथालयशास्त्र शिकवते. शिकवते म्हणजे काय, ज्यांना दुसरीकडं कुठं प्रवेश मिळाला नाही अशा पोरांना हजेरीपुरतं बसवते. उरलेला जन्म कागद रंगवण्यात चाललाय. अशात कुठल्याशा योजनेतून आमच्या विभागाच्या गळ्यात एक काम पडलं: मराठवाड्यातल्या जुन्या फोटो स्टुडिओंमधल्या निगेटिव्ह गोळा करायच्या, स्कॅन करायच्या आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुल्या ठेवायच्या. ज्याला बघायचंय त्यानं बघावं, ज्याला उतरवून घ्यायचंय त्यानं घ्यावं, कोणाला विचारायला नको. ऐकायला लई गोड. करायला बसलं की हाडं खिळखिळी होतात. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशातली गत.

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत ‘शहजादी फोटो स्टुडिओ’ आहे. शहजादी हे दस्तगीरभाईंच्या बायकोचं नाव. ती बिचारी करोनाच्या आधीच गेली. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. पुढं काउंटर, मध्ये पांढरा पडदा आणि फोटोला बसायचं स्टूल, आणि पडद्यामागं पूर्वीची डार्करूम, तिच्यात आता खोक्यांची चळत. लातूर आता ट्यूशनचं गाव झालंय. उदगीर, देगलूर, शिरूर अनंतपाळ, कुठून कुठून पोरं डॉक्टर व्हायला येतात आणि प्रत्येकाला फॉर्मवर चिकटवायला फोटो लागतो. दस्तगीरभाई दिवसभर तेच ते बोलत असायचे: चष्मा काढ, कान दिसू दे, हसू नको. संध्याकाळपर्यंत त्यांचा आवाज बसलेला असायचा. मी एकदा म्हटलं, एक पाटी लावून टाका की. तर म्हणाले, लावली होती बाई, वाचत कोणी न्हाई, पोरांचे डोळे फिजिक्स वाचूनच थकून जाऊन राहिलेत.

निगेटिव्ह द्यायला ते तयार नव्हते. मी नांदेडहून एसटीनं यायचं, त्यांनी चहा पाजायचा आणि परत पाठवायचं, असं बरेचदा झालं. मेलेल्या माणसांचे फोटो बघून जगाला काय करायचंय, हा त्यांचा प्रश्न. एकदा उन्हातान्हाची आलेले, बसमध्ये उभी राहून पाय सुजलेले, आणि पुन्हा तेच ऐकलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, जगाला नाही तर नाही, पण उंदरांना तरी काय करायचंय त्या फोटोंचं? खोक्याचा कोपरा कुरतडलेला होता, तो दाखवला. ते हसले, हसता हसता खोकले, आणि पडदा बाजूला करून म्हणाले, घेऊन जा सगळं, मला बी आता ओझं झालंय.

सगळं म्हणजे सगळं नाही. एका खोक्यातून त्यांनी एक छोटं खाकी पाकीट काढलं आणि शर्टाच्या खिशात घातलं. मी विचारलं तर म्हणाले, घरचा हाय. मी जास्त खोलात गेले नाही. एवढी खोकी मिळाली होती, त्यात एका पाकिटासाठी कोण वाद घालणार.

पुढचे कितीतरी महिने धूळ, उकाडा आणि गेलेली लाइट यांत गेले. मदतीला घेतलेल्या दोन मुली बँकेची परीक्षा पास होऊन निघून गेल्या. चांगलं झालं त्यांचं, पण माझी मान कायमची आखडली. मी एकेक पट्टी स्कॅनरवर ठेवायची, फुंकर मारायची, बटण दाबायचं. कोणाचं लग्न, कोणाचं बारसं, कोणी नवी सायकल घेतली म्हणून सायकलीसकट. आणि मग एक दिवस स्क्रीनवर बरेच फोटो शेजारी शेजारी लावले तेव्हा माझ्या लक्षात आलं की कितीतरी माणसांनी एकच कोट घातलाय. तोच कोट, तीच वाकडी टायची गाठ, वरच्या खिशात तोच रुमाल. चेहरे सगळे शेतात राबणाऱ्यांचे, उन्हानं रापलेले. बायकांचंही तेच. एकच इरकल, पदराची घडी एकच, आणि पदरावरच्या हातावर भाजल्याचा एकच डाग.

मी फोन करून भांडायलाच सुरुवात केली. म्हटलं, दस्तगीरभाई, ही बनवाबनवी आहे, असले खोटे फोटो आम्ही लोकांपुढं कसे ठेवायचे. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “बाई, ते भूकंपाचे हायेत.”

हळूहळू त्यांनी सांगितलं. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्र्याण्णवचा भूकंप झाला, तेरणाकाठची गावंच्या गावं गेली. काही दिवसांनी उरलेली माणसं लातूरला यायला लागली. कोणाच्या हातात ढिगाऱ्यातून काढलेला लग्नातला घोळक्याचा फोटो, कोपरा फाटलेला, पाणी लागलेला. त्यातलं एक डोकं बोटानं दाखवायचे आणि म्हणायचे, एवढ्यांचा मोठा करून द्या, भिंतीला लावायचाय. डोकं तेवढं कापून मोठं केलं तर खाली धड नसायचं. नुसतं डोकं भिंतीला कोण लावतं? मग दस्तगीरभाईंनी स्वतःच्या लग्नातला कोट घालून फोटो काढून घेतला आणि प्रत्येक गड्याचं डोकं त्या कोटावर बसवलं. बायकांसाठी शहजादीनं शेजारणीची इरकल नेसून फोटो दिला. ती चुलीवर भाजलेली होती, तोच तो डाग. तेव्हापासून त्या गावांमधल्या कितीतरी भिंतींवर शहजादीचे खांदे आहेत आणि वर दुसऱ्याच बायकांचे चेहरे. घरचे लोक रोज त्यांना कुंकू लावतात. हे ऐकल्यावर मी पुढं काय भांडणार. जे घडलं तेच त्या फोटोंखाली लिहिलं.

सगळा संग्रह खुला झाला आणि जुन्या लातूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरायला लागला. लोक ओळखायला लागले: हे माझे मामा, ही आमची सायकल, हे दुकान आता पाडलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांत माझ्या हातून कोणाच्या उपयोगाचं काही झालं असेल तर हेच. दस्तगीरभाईंनी मात्र फोन करून एवढंच विचारलं की आमच्या घरचे फोटो पण टाकले का. म्हटलं, हो, तुम्हीच तर सांगितलं होतं, ही माझी नाझनीन, ईदचा फ्रॉक. नाझनीन त्यांची एकुलती एक मुलगी. ते म्हणाले, तो ईदचा काढता येईल का? मी वैतागले. म्हटलं, अहो, हे दुकानाचं शोकेस आहे का, सकाळी लावलं अन् संध्याकाळी काढलं? खुलं म्हणजे खुलं, कोणी कोणी उतरवून घेतलं असेल आता. कारण काय ते तरी सांगा. त्यांनी सांगितलं नाही. मी म्हटलं, वय झालं माणसाचं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी रिकामी खोकी परत द्यायला लातूरला गेले. दुकानात पोरांची रांग होती. तिशीतला एक माणूस आत आला, गळ्यात कोचिंग क्लासचं ओळखपत्र, शर्टाला खडूचे डाग. रांगेतली पोरं त्याला बघून सरळ उभी राहिली, म्हणजे शिकवणारा असावा. त्यानं पोरांना सांगितलं, उद्या या. पोरं गेली. मग त्यानं शटर अर्धं खाली ओढलं. 

त्याचं नाव शिवमूर्ती. त्यानं काउंटरवर मोबाइल ठेवला. त्यावर आम्हीच टाकलेला फोटो होता: झालरीचा फ्रॉक घातलेली सहा-सात वर्षांची मुलगी, डाव्या डोळ्याखाली तीळ, खाली माझ्याच हातची ओळ, ‘नाझनीन, दस्तगीर यांची मुलगी’. मग त्यानं बोटानं सरकवून दुसरा फोटो दाखवला. एका घराच्या भिंतीवर लावलेली फ्रेम. तीच मुलगी, तोच तीळ, मान तशीच जरा कललेली, फक्त अंगात खणाचं परकर-पोलकं.

“ही माझी अक्का, सिंधु,” तो म्हणाला. “भूकंपात हरवली. मी तेव्हा वर्षाचा होतो.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याशी मला भांडता येतं. पण तो अगदी सावकाश, विद्यार्थ्याला समजावून सांगावं तसा बोलत होता. म्हणाला, चाचा, मी भांडायला आलो नाही, कोणाला सोबत आणलं नाही, घरीसुद्धा काही बोललो नाही. तेव्हा गोंधळच तसा होता, कोणाचं लेकरू कोणाच्या हाताला लागलं असेल, तुम्ही उचललं, वाढवलं, लई उपकार झाले. नाव बदललं असेल तर बदललं. मला फक्त ती कुठं हाय ते सांगा. आमची आई, अव्वा, म्हातारी झाली, एकदा तिला भेटवायचंय.

मी दस्तगीरभाईंकडं बघितलं. हिंदूची पोरगी, मुसलमानाचं घर, आणि पुरावा म्हणून कोणालाही उघडता येणारा फोटो. आजकाल एवढ्यावर काय काय पेटतं ते काय सांगायला पाहिजे? त्या माणसाच्या मनात तसलं काही नव्हतं, आणि म्हणूनच त्याच्याकडं बघवत नव्हतं. तो आभार मानायला आला होता.

दस्तगीरभाईंनी खिशातून ते खाकी पाकीट काढलं. इतके महिने ते अंगावरच बाळगत होते. त्यातली निगेटिव्ह त्यांनी उजेडासमोर धरली, शिवमूर्तीला दाखवली, आणि त्याला पोरांच्या स्टुलावर बसवून सांगायला लागले. भूकंपानंतर तुझी अव्वा गंगम्मा इथं आली होती, म्हणाले. पायाला प्लास्टर, काखेत काठी, कडेवर तू. तुझ्या बापाचा, चंद्रप्पाचा चेहरा भावाच्या लग्नातल्या फोटोत होता, त्यांना कोट घालून दिला. मग तिनं पिशवीतून परकर-पोलकं काढलं. हिरवा खण, लाल काठ, किती वेळा धुतलेलं, तरी शिवणीत माती होती. म्हणाली, पोरीचा फोटो करून द्या. मी म्हटलं, चेहरा? तर म्हणाली, पोरीचा फोटो कोण काढतंय, सहा वर्षांच्या लेकराचा, फोटोच न्हाई.

ती उठायला तयार नव्हती. दस्तगीरभाईंनी पेन्सिल घेतली. नाक कसं, कपाळ कसं, ती सांगायची, हे काढायचे, ती मान हलवायची, हे खोडायचे. कागद फाटेपर्यंत खोडलं. तेवढ्यात नाझनीन शाळेतून आली, दप्तर पाठीवर. गंगम्मानं तिच्याकडं बघितलं आणि तिच्याकडून प्यायला पाणी मागितलं. पोरीनं तांब्या आणून दिला. गंगम्मानं पाणी प्यायलं नाही. तांब्या खाली ठेवून पोरीचा चेहरा दोन्ही हातांनी धरून बसली. मग म्हणाली, मास्तर, हिला घाला हे. परकर-पोलकं नाझनीनला बरोब्बर बसलं.

फोटो काढला. रात्री शहजादीला कळलं. ती भांडली नाही, पण जेवलीही नाही. तिचं म्हणणं एकच: तो फोटो मेलेल्या पोरीचा म्हणून भिंतीवर जाईल, त्याला हार पडेल, आणि आपली पोर तर जिती आहे. जित्या माणसाच्या फोटोला हार घालतात का कुठं? दस्तगीरभाईंनाही ते पटलं. सकाळी गंगम्मा फोटो न्यायला आली तेव्हा त्यांनी हात जोडले. पैसे नको, काही नको, फक्त या फोटोला हार घालू नका. ती म्हणाली, न्हाई घालणार. बस, एवढंच बोलणं.

पण दुसऱ्याच्या घरात काय होतंय ते कोण बघतं? दस्तगीरभाई त्या गावाला परत कधी गेले नाहीत. हार दिसला तर काय, ही भीती. नाझनीनला टायफॉइड झाला तेव्हा वाटलं, घातला कोणीतरी हार. तिचं पहिलं बाळ राहिलं नाही तेव्हा वाटलं, घातलाच. शहजादी जायच्या वेळेला भान नव्हतं तिला, पण तेवढं विचारत होती, हार तर घातला न्हाई ना? ते न्हाई म्हणाले. माहीत तर त्यांनाही नव्हतं. आणि माझ्या संग्रहासाठी फोटो देताना त्यांनी ते परकर-पोलक्याचं पाकीट तेवढं आठवणीनं बाजूला काढलं. ईदचा फोटो आपल्याच लेकीचा, त्यात काय लपवायचं, असं वाटून तो राहू दिला. तोच चेहरा दुसऱ्या घरात दुसऱ्या नावानं ओळखतात, हे त्यांच्या डोक्यात आलं ते फोटो सगळीकडं फिरायला लागल्यावर.

शिवमूर्तीनं सगळं ऐकलं. मग विचारलं, “म्हणजे अक्का?”

“गेली, बेटा. त्याच पहाटे.”

“मग अव्वानं हार का घातला न्हाई?” त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. त्याच्या बापाच्या फोटोला हार आहे, आजीच्या आहे, काकाच्या आहे. फक्त अक्काच्या नाही. लहानपणापासून तो विचारत आला आणि अव्वा एकच सांगत आली, तिला हार नको. भाऊबंद म्हणायचे, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. भूकंपानंतर ती दवाखान्यात होती, पोरीचं प्रेत तिनं बघितलंच नव्हतं. तेव्हा शिवमूर्तीनं स्वतःशीच अर्थ लावला: अव्वाला माहीत आहे की अक्का जिती आहे. तेव्हापासून तो शोधत होता. लातूरला शिकायला आला, शिकवायला लागला, पण गर्दीत तीळ शोधायची सवय गेली नाही. लग्नाच्या वेळी तर पत्रिकेत अक्काचं नाव छापायला लावलं होतं.

दस्तगीरभाईंनी मान खाली घातली. म्हणाले, “मी सांगितलं होतं, म्हणून.”

हार कधी घातलाच नव्हता. दस्तगीरभाईंच्या जिवाला तीस वर्षं लागलेला घोर तिथं संपला, आणि शिवमूर्तीची बहीण तिथंच मेली. दोघंही रडत होते. मी, कुठंही तोंड घालणारी, रिकामी खोकी उगाच पुन्हा एकावर एक रचायला लागले.

शिवमूर्तीचा विश्वास पटकन बसेना, आणि का बसावा? तो म्हणाला, तुमची नाझनीन मला दाखवा. ती नांदेडला देगलूर नाक्याजवळ राहते, उर्दू शाळेत शिकवते. दस्तगीरभाईंनी तिला फोनवर कसंबसं सांगितलं. ती म्हणाली, मी त्या अम्मांनाच भेटायला येते, रविवारी.

रविवारी ती आणि मी एकाच बसनं निघालो. चाळिशीला टेकलेली, शिडशिडीत बाई, डोक्यावर ओढणी, डोळ्याखाली तो तीळ.  वाटेत ती म्हणाली की ते परकर-पोलकं तिला आठवतं, त्याला ओल्या मातीचा वास होता, आणि अब्बांनी हलू नको म्हणून संत्र्याची गोळी दिली होती. लातूरच्या स्टँडवर उतरल्यावर तिनं फुलवाल्याकडून शेवंतीचा मोठा हार घेतला. शिवमूर्ती जीप घेऊन आला होता, दस्तगीरभाई पुढं बसले होते. हार बघून त्यांचा चेहराच उतरला. हा कशाला, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, असू द्या अब्बा.

नवीन वसवलेलं गाव. रस्ते नको इतके रुंद, घरं एकसारखी, कित्येकांना कुलपं. शिवमूर्तीचं घर टोकाला. बाहेरच्या खोलीत भिंतीवर फ्रेमा होत्या. कोटातला चंद्रप्पा, गळ्यात चंदनाच्या सालीचा हार, काळा पडलेला. त्याच्या शेजारी परकर-पोलक्यातली मुलगी. काच पुसून लख्ख केलेली, आणि हार नाही. हार अडकवायला खिळासुद्धा मारलेला नव्हता. दस्तगीरभाईंनी ते बघितलं आणि भिंतीला हात टेकून खालीच बसले.

गंगम्मा आतून आली. कमरेत वाकलेली, गळ्यात लिंगायत बायका घालतात ती लिंगाची चांदीची पेटी. तिनं इतक्या वर्षांनी त्यांना लगेच ओळखलं. म्हणाली, “बघून घ्या, मास्तर. एक दिवस घातला न्हाई.”

मग तिची नजर नाझनीनवर गेली. शिवमूर्ती काहीतरी समजावून सांगायला लागला, तिनं हातानं त्याला थांबवलं. जवळ आली आणि नाझनीनचा चेहरा दोन्ही हातांनी धरला. बोटं तिळावर थांबली. ओढणी मागं सरकवली, केसांवरून हात फिरवला. कितीतरी वेळ बघत राहिली.

“अशीच झाली असती,” ती म्हणाली. “केस तेवढे दाट असते.”

नाझनीनला रडू फुटलं. तसंच तिनं हार पुढं केला. म्हणाली, अम्मा, घाला, मला काही होत नाही, मी सांगते ना.  दस्तगीरभाईंनी डोळे मिटून घेतले. आणि गंगम्मा चक्क चिडली. म्हणाली, शिकलेली हायस ना तू, जित्या लेकराला हार घालतेत का? तीस वर्षं जपलं ते काय आज घालायसाठी? हार मात्र तिनं हातात घेतला. शिवमूर्तीला म्हणाली, पेटी उघड.

पत्र्याच्या पेटीच्या तळाशी परकर-पोलकं होतं, जुन्या धोतरात गुंडाळलेलं. खण विरलेला, काठ फिका पडलेला. शिवमूर्तीनं ते आधी बघितलेलं होतं, पण तो अक्काचा कपडा म्हणून, ती परत आली की दाखवायचा म्हणून. गंगम्मानं भिंतीखाली पाट मांडला, त्यावर ते पसरलं, बाह्या नीट सरळ केल्या.

“त्यो चेहरा उसना हाय, शिवा,” ती म्हणाली. “हे तिचं हाय. आपल्यात गेलेलं माणूस मातीत बसवतेत, तिला ते बी मिळालं न्हाई. सगळ्यांबरोबर जाळली. मला सांगायला यायचं न्हाई रे, सांगितलं असतं तर तुला बघायला चेहराच राहिला नसता.”

शिवमूर्तीनं तिच्या हातून हार घेतला आणि परकर-पोलक्यावर ठेवला. हार मोठ्या माणसाच्या मापाचा होता. सगळा खाली लोळायला लागला, मग त्यानं त्याचे दोन वेढे केले, तरी तो पोलक्याच्या बाहेर येत होता. नाझनीन त्याच्या शेजारी खाली बसली आणि तिनं एक बाजू उचलून नीट आत घेतली. तो तिला काहीतरी म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही. तिनं मान हलवून हो म्हटलं. गंगम्मा आत चहा टाकायला गेली.

निघताना गंगम्मा मला बाजूला घेऊन म्हणाली, तुम्ही जगाला फोटो दाखवता म्हणे. मी म्हटलं, हो, पण तुम्ही सांगाल तर हे आम्ही कुठंच दाखवणार नाही, ईदचा पण काढून टाकते, कसा काढायचा ते माझं मी बघते. ती म्हणाली, काढू नका. माझ्या पोरीचं नाव ना रेशन कार्डावर राहिलं ना शाळेत. तिथं लिहा, सिंधु चंद्रप्पा म्हणून एक होती.

 परतीच्या वाटेवर, जीपमध्ये, औसा मागं पडल्यावर दस्तगीरभाईंनी खिशातून ते खाकी पाकीट काढलं आणि मागं न बघता माझ्याकडं दिलं. म्हणाले, हा बी टाका. मी विचारलं, नाव कोणाचं लिहू? ते नाझनीनकडं वळले. ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, दोघींचं लिहा, कपडे तिचे, चेहरा माझा.

मी तसंच लिहिलं. दस्तगीरभाई सोमवारी दुकानात होते, पोरांची रांग होती, मी फोन केला तर आधी पोराला सांगणारा त्यांचा आवाज आला, कान दिसू दे. मग जरा थांबून म्हणाले, शिवमूर्ती सकाळी येऊन गेला, नाझनीनचा नंबर घेऊन गेला, राखी पौर्णिमा कधी हाय ते विचारत होता.